केसपेपरवरचा नंबर

डॉक्टर लोकांचे हिशेब करायचे म्हणजे डोक्याला ताप, हे फलटण सोडून सांगलीत ऑफिस थाटलं त्याच वर्षी मला कळलं. दुसऱ्याच्या छातीतली धडधड कानाला नळी लावून बरोबर ओळखतील, पण वर्षाची जमा किती विचारली की छताकडे बघतात. जुलै संपत आला की पिशवीभर कागद टेबलावर ओततात. एका सर्जननं तर मुलीच्या लग्नाच्या मांडवाचं बिल दवाखान्याच्या दुरुस्तीत घातलं होतं. वर मलाच म्हणाले, "बघा, बसतंय का कुठं."

आष्ट्याच्या डॉक्टर मॅडम मात्र वेगळ्या. बायकांच्या डॉक्टर, साठीला आलेल्या, एकट्या दवाखाना चालवणाऱ्या. तपासलेल्या प्रत्येक बाईची रजिस्टरात रोजच्या रोज ओळ लिहायच्या: नाव, तक्रार, उपचार, फी. मला त्या रजिस्टरची कधी गरज पडली नाही. लहान प्रॅक्टिसला निम्मी जमा नफा म्हणून दाखवली की वह्या कोणी मागत नाही. मी तसं त्यांना सांगितलंही होतं. "तुमच्यासाठी नाही लिहीत मी," एवढंच म्हणाल्या.

त्यांना आयकर खात्याची नोटीस आली तेव्हा मी चाटच पडलो. दोन हजारांच्या नोटा परत घेणार असं जाहीर झाल्यावर मॅडमनी एकगठ्ठा नोटा आपल्या खात्यात भरल्या होत्या. एवढी रोकड आली कुठून, असं खात्यानं विचारलं होतं.

मी तडक आष्ट्याला गेलो. मॅडमनी कपाटातून औषधाचं एक खोकं काढलं. आत कागदाच्या पुड्या, आणि प्रत्येकीवर फक्त केसपेपरचा नंबर. गावातल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या सतरा बायका दुधाचे, अंड्यांचे, शिलाईचे पैसे त्यांच्याकडे आणून ठेवायच्या. घरात ठेवले की ते उरत नसत. लहान घडीत मावतात म्हणून दोन हजारांच्या नोटा करून आणायच्या. तपासायला म्हणून यायच्या आणि पुडी देऊन जायच्या. नोटा बँकेत गेल्यावर आता त्या पुड्यांत आकडा लिहिलेल्या चिठ्ठ्या तेवढ्या होत्या.

"मग सोपं आहे," मी म्हणालो. "प्रत्येकीचं सहीचं पत्र आणि आधारची झेरॉक्स घेऊ. पैसे तुमचे नाहीत हे सिद्ध होईल."

"एकीचंही नाव बाहेर जाणार नाही."

"मॅडम, मग कर, व्याज, दंड, सगळं तुमच्या अंगावर येईल."

"येऊ दे."

मला राग आला. हातातोंडाशी आलेली सुटका ही बाई लाथाडते म्हणजे काय! नोटीस आल्यावर जमेचा ताळा घालायला म्हणून त्यांच्या केसपेपरांच्या झेरॉक्स मी आधीच आणून ठेवल्या होत्या. उत्तर द्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी त्या उघडल्या. सगळ्यात मोठ्या रकमेच्या पुडीचा नंबर माझ्या लक्षात होता. एकीचं पत्र मिळालं तरी मॅडमना पटवता येईल, असं माझ्या मनानं घेतलं. केसपेपरवर मोबाईल नंबर होता, तो मी लावला.

"कोण बोलतंय?" बाप्याचा आवाज.

मी बाईंचं नाव घेतलं, त्यांना द्या म्हणालो.

"ती रानात गेलीया. मी नवरा बोलतोय तिचा. काय काम हाय?"

इथं फोन ठेवायला हवा होता. पण अंगात घाई. सांगलीहून बोलतोय, आष्ट्याच्या डॉक्टर मॅडमकडं तुमच्या मंडळींची रक्कम आहे, एका कागदावर सही हवी, असं मी घडाघडा बोलून गेलो.

"कसलं पैसं? किती हाईत?"

आणि मी आकडा सांगितला. वीस वर्षं कोणी किती विचारलं की मी आकडा सांगतो. जीभ आपोआप वळली. सांगून झाल्यावर, उशिरा, मी फोन ठेवला. आमच्याकडे घराचा म्हणून नंबर एकच द्यायचा असतो आणि तो नवऱ्याचा. गॅसला तोच, बँकेला तोच, दवाखान्यालाही तोच. माझ्या बायकोच्या रिटर्नचा ओटीपीसुद्धा माझ्याच मोबाईलवर येतो. हे मला माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू?

मॅडमना मी काही सांगितलं नाही. दुपारी त्यांचाच फोन आला, "सगळी रक्कम माझी कमाई म्हणून दाखवा." मी दाखवली. कर भरला, दंड भरला, प्रकरण मिटलं. त्यांनी विषय काढला नाही, म्हणजे तसं काही घडलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. भ्याडपणा होता तो, दुसरं काही नाही.

पुढच्या जुलैत मॅडम स्वतः ऑफिसात आल्या आणि रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. "या वेळी जमा यावरून काढा. तुमच्या हातानं."

मी पानं उलटत, फीची बेरीज करत गेलो. फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवसाचं पान आलं. तिसरी ओळ तिची होती. डावं मनगट सुजलेलं, पाठीवर वळ. पडल्याचं सांगते. पट्टी, गोळ्या. फीच्या रकान्यात 'माफ'.

बेरजेत त्या ओळीनं काही फरक पडणार नव्हता. पण माझं बोट तिथून हलेना.

"मॅडम, तो फोन मी केला होता."

"माहीत आहे. सांगलीच्या साहेबांचा फोन आला म्हणून तो तिला घेऊनच आला. 'द्या त्यास्नी,' एवढंच बोलली ती. मी बँकेतून काढून आणून दिले. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी साठवले होते तिनं. तो बाहेर नोटा मोजत होता, तेवढ्यात मी तिला आत नेऊन तपासलं. वर्षभर वाट बघितली, तुम्ही आपणहून सांगाल म्हणून. आता पुडी घेऊन कोणीच येत नाही."

"मला माफ करा," मी म्हणालो.

"मला कशाला सांगता? तिला सांगा." त्यांनी रजिस्टर मिटून पिशवीत घातलं आणि त्या उठल्या.

त्या केसपेपरची झेरॉक्स अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कितीदा तरी काढून बघतो. तिची माफी मागायला माझ्याकडे तेवढा एकच नंबर आहे, आणि तो उचलणार तिचा नवरा.