उंदीर हाताने उचलण्याबद्दल

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई वरचेवर बंद पडत होती, तेव्हा मी परळच्या एका प्रयोगशाळेत सहायक होते. पांढऱ्या उंदरांना एक औषध पाजायचं, मग मोठ्या उघड्या रिंगणात सोडायचं आणि बघायचं, की ते कडेला चिकटून बसतात की मोकळेपणी हिंडतात. औषधाने भीती कमी होते का, एवढाच प्रश्न होता. बंदमध्ये डिलाईल रोडवरून मी चालत येऊ शकत होते, बाकीच्यांना जमत नव्हतं, म्हणून पहिली फेरी मी एकटीनेच केली. औषध घेतलेले उंदीर झकास हिंडले, न घेतलेले बिचकत राहिले.

सर खूश झाले आणि तोच प्रयोग त्यांनी माझ्या सहकाऱ्याला पुन्हा करायला सांगितला. हा गिरगावचा, माझ्याच वयाचा, कामाला चोख. त्याचे उंदीर औषध घेऊनही कोपऱ्यात बसले. न घेतलेलेही बसले. म्हणजे फरक काहीच नाही.

मग सरांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या वेळी खोलीत दुसरं कोणी नव्हतं ना?" अर्थ कळला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. आमच्या चाळीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. आकडे टिकले नसते तर नोकरी गेली असती, ते एक वेळ सोसलं असतं. पण खोटारडी ठरणं मला सोसणार नव्हतं.

आधी मी गिरणीच्या भोंग्याला दोष दिला. बंदमध्ये गिरण्या गप्प होत्या, सहकाऱ्याच्या फेरीच्या वेळी चालू. सुट्टीच्या दिवशी त्याला पुन्हा करायला लावलं, तरी उंदीर कोपऱ्यातच. तेव्हा मी शेजारी उभी राहून त्याचं काम पाहिलं.

तो रबरी हातमोजे घालायचा आणि लांब चिमट्याने उंदराची शेपटी पकडायचा. उंदीर हवेत तडफडायचा, भीतीने लेंड्या टाकायचा आणि खाली टेकला की कोपरा गाठायचा. मी त्यांना ओंजळीत घेऊन सोडत असे. सूचनेत फक्त 'उंदीर रिंगणात सोडावा' असं लिहिलेलं. कसा, हे विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"हाताने का नाही घेत?" मी विचारलं.

"घरी आईचं सोवळं असतं. उंदराला शिवून कसं चालेल?"

"गणपतीच्या पायाशी बसवता तेव्हा चालतो?"

"तो मातीचा असतो हो," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मलाही हसू आलं. माणूस वाईट नव्हता.

मी सरांना सांगितलं, चिमटा मला द्या आणि यांना हात वापरू द्या. माझ्या चिमट्यातले उंदीर लगेच कोपऱ्यात जाऊन बसले. सहकारी कुरकुरला, घरी गेल्यावर आधी आंघोळ करीन म्हणाला आणि तयार झाला. सुरुवातीला एकेका उंदरामागे साबणाने हात धुवायचा. हळूहळू उंदीर त्याच्या तळव्यावर निवांत बसू लागले. एक तर शर्टाच्या बाहीत शिरला, आणि हा त्याला बाहेर काढायचं सोडून गोंजारत बसला. मग त्याने पुरी फेरी नव्याने केली. औषध घेतलेले हिंडले, बाकीचे बिचकले, अगदी माझ्या फेरीसारखंच.

सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. "बाईंचे आकडे बरोबर होते," ते म्हणाले. "आता माझी खात्री झाली."

नोकरी टिकली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण राग काही गेला नव्हता. मी विचारलं, "सर, पहिली फेरी यांनी एकट्याने केली असती, तर खोलीत दुसरं कोणी होतं का, असं यांना विचारलं असतं?"

सर खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "विचारलं नसतं."