मोर्जिना खालाच्या कोंबड्या

मोर्जिना खाला म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मेघनेच्या काठावर चर दौलतपूरला तिचं घर. नवरा नदीत बुडाला, तेव्हापासून कोंबड्यांच्या जिवावर तिनं मुलगा वाढवला. नदीपलीकडच्या आमच्या इस्पितळाला कोंबड्या सांभाळायला भरवशाचं माणूस हवं होतं, तेव्हा मी तिचं नाव सुचवलं. मी तिथं मुलांच्या वॉर्डात नर्स.

थंडी सुरू झाली की आमचा वॉर्ड रोटा विषाणूच्या जुलाबांनी भरतो. वर्ष-दीड वर्षाची पोरं, पाण्यासारखे जुलाब, उलट्या, डोळे खोल गेलेले. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिलं तर जीव वाचतो, पण खुद्द विषाणूवर औषध नाही. ते शोधायचा ध्यास डॉक्टर नाफिसा आपांनी घेतला होता. मेलेल्या विषाणूची सुई कोंबडीला टोचली की तिच्या अंगात त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि अंड्याच्या बलकात उतरतात. तो बलक वाळवून, भुकटी करून आजारी मुलांना पाजायचा, असा त्यांचा बेत.

खालाकडे दोन खुराडी आली. एकातल्या कोंबड्यांना सुई, दुसऱ्यातल्या साध्या. अंडी विकायची नाहीत, खायचीही नाहीत.

गावाला चेष्टेला विषय मिळाला. चहावाला काशेम म्हणायचा, "काय मोर्जिना बुबू, इथं माणसांना ताप आला तर सुई मिळत नाही, आणि तुझ्या कोंबड्यांना डॉक्टर घरी येतो."

"तूही अंडी घालायला लाग," खाला म्हणायची. "तुझ्याकडेही पाठवते."

पुढे वॉर्डात औषधाची परीक्षा सुरू झाली. निम्म्या मुलांना सुईवाल्या कोंबड्यांच्या बलकाची भुकटी, निम्म्यांना साध्यांच्या. पुड्या दिसायला एकसारख्या. कुणाला कुठली मिळाली हे ना आईला ठाऊक, ना मला, ना डॉक्टरांना. मीठ-साखरेचं पाणी मात्र सगळ्यांनाच.

त्याच थंडीत खालाची नात टुनी आजारी पडली. सून शिउली तिला छातीशी धरून वॉर्डात आली. नाफिसा आपा खालाला म्हणाल्या, "तुम्ही आमचं काम करता म्हणून टुनीला या परीक्षेत घ्यायला हो म्हणायला हवं असं नाही. नाही म्हणालात तरी उपचारात कसर होणार नाही."

"हिच्या आईला विचारा," खाला म्हणाली. "माझं मत विचाराल तर, गावची पोरं पुढं करायची आणि आपलं लपवायचं, असं तोंड घेऊन मी गावात हिंडणार नाही."

शिउलीनं होकार दिला. पण दुसऱ्या दिवशीही टुनीचे जुलाब थांबले नाहीत. सकाळी खाला मऊ भात घेऊन आली, तशी शिउली तिच्यावर उसळली.

"आम्मा, हिला साधी पुडी मिळाली असणार. तुमच्याच हातची अंडी, आणि आपल्याच पोरीला फुसकी? घरी जा आणि सुईवालीचं एक अंडं पदराखाली आणा. कुणाला कळतंय?"

खाला खाटेवर बसली. तिनं टुनीच्या कपाळावर हात ठेवला. रोज सकाळी तीच तर ती अंडी वेचायची.

"कच्चं अंडं या पोटात घालू? आणखी काही झालं तर?" ती म्हणाली. "आणि आपण चोरून पाजलं, तसं प्रत्येक आईनं केलं, तर औषध चालतं की नाही हे कधी कळणारच नाही. मग पुढच्या थंडीत पुन्हा हेच."

"पुढच्या थंडीचं मला काय सांगता?"

"नको ऐकूस. पाण्याची वाटी दे इकडं. तू जरा आडवी हो."

शिउलीनं वाटी आदळली, पण दिली. खाला चमच्या-चमच्यानं पाणी पाजत बसली. टुनी ओकली की तोंड पुसायची, जरा थांबायची, पुन्हा चमचा लावायची. शिउली भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. उन्हं कलताना टुनीनं चमचाच धरून ठेवला, सोडेना. मग भातासाठी हात पुढं केला. शिउली सासूच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

निकाल यायला पुढचा पावसाळा उजाडला. नाफिसा आपांनी इस्पितळाच्या अंगणात गावकऱ्यांना बसवून सांगितलं, की सुईवाल्या बलकाची मुलं साधारण एक दिवस लवकर बरी झाली. औषध अजून कच्चं आहे, दुसऱ्या गावांत पारखायचं आहे, पण वाट बरोबर आहे. मग त्यांनी शिउलीला बाजूला घेऊन सांगितलं, टुनीला साधी पुडी मिळाली होती.

शिउलीचा चेहरा उतरला. तिनं सासूकडे पाहिलं. "आम्मा, म्हणजे मी म्हणत होते तेच खरं."

"खरंच की," खाला म्हणाली. "पण साधी पुडी घेणारं कुणीच नसतं, तर दुसरी पोरं लवकर बरी झाली हे कशावरून म्हणता आलं असतं? या औषधात आपल्या टुनीचाही वाटा आहे, सूनबाई. जन्मभर सांग लोकांना."

घाटावर नाव लागली होती. काशेमनं स्वतः उठून खालाला पुढची जागा दिली. टुनीला कडेवर घेऊन ती बसली, आणि नाव दौलतपूरला लागेपर्यंत ताठ मानेनं बसून राहिली.