जपानीच्या पानांतल्या चुका

आमची जपानी हातात पडलेली कुठलीही छापील गोष्ट शेवटच्या पानापासून उघडायची. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, मिक्सरबरोबर आलेली सूचनांची पुस्तिका, सगळं. जपानी हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं आणि मग कॉलनीनेही तेच उचललं. खरं तर ती माझ्या दादाची मुलगी, राळेगावजवळच्या खेड्यातली, घरी कापूस आणि तूर. जपानशी संबंध इतकाच, की तिकडे मांगा नावाची चित्रांची पुस्तकं निघतात, ती ही फोनवर वाचायची आणि स्वतःही तसलंच एक काढत होती. ती पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. चौकटीसुद्धा. मी तिची पानं पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा त्यातली मुलगी आधी रडली आणि नंतर तिला रडवणारी गोष्ट घडली. मी म्हटलं, "क्रम चुकला आहे."

"क्रम बरोबर आहे आत्या. तू उलट्या बाजूनं वाचून राह्यली."

वय चोवीस. यवतमाळात एका फ्लेक्सच्या दुकानात नोकरी, राहायला लोहाऱ्याला आमच्याकडे. चौदा महिने राहिली. त्या चौदा महिन्यांत आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण झालं ते फार तर वीस वेळा. एरवी तिथे तिचे कागद, शाईच्या बाटल्या आणि रबराचा चुरा. तो चुरा मला चादरीत सापडला, दह्याच्या भांड्याच्या झाकणावर सापडला, आणि एकदा कणकेत. मी परात तिच्यासमोर ठेवली. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "थोडासाच तर आहे व. मामाजीले नको सांगू, त्यायले पोळी गोड लागन." मामाजी म्हणजे माझा नवरा. तो बाजूलाच बसून हसत होता. या घरात शिस्तीची बाजू घेणारी मी एकटीच.

चेहऱ्यावरचे भाव काढायचे म्हणून ती स्टीलचं ताट भिंतीला टेकवून त्यात बघून रडायची. खरं रडणं नव्हे, नमुन्यापुरतं. एका रविवारी दूधवाला दारात आणि ही आत ताटासमोर हुंदके देते आहे. त्याने मला विचारलं, "काय झालं ताई, कोणी गेलं काय?" मी आत तिला गप्प करायला गेले तर म्हणते, "एक मिनिट थांब, नाक चांगलं लाल झालं आहे." नवऱ्याला ती तासन्‌तास एका जागी बसवायची. अर्धा सोललेला लसूण हातात धरून तो माणूस पंचवीस मिनिटं हलला नाही. मी सांगितलेलं काम त्याने इतक्या निष्ठेने कधी केल्याचं आठवत नाही.

गुण होते, नाही असं नाही. आमच्या कॉलनीत पाणी कुठल्या गल्लीला किती वाजता सोडायचं, ते वेळापत्रक मी करते. नऊ वर्षं मी ते सुवाच्य अक्षरात लिहून टाकीजवळ लावत होते आणि नऊ वर्षं लोक मला फोन करून वेळ विचारत होते. जपानीने प्रत्येक गल्लीसमोर एकेक चेहरा काढला. पहाटे पाणी मिळणाऱ्या तिसऱ्या गल्लीचा चेहरा अर्धवट झोपेतला. त्या महिन्यात मला एकही फोन आला नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

आता तिच्या पुस्तकाचं सांगते. कॉलेजातली मुलगी, कॉलेजातला मुलगा, दोघं एकाच फोनवर चित्रकथा वाचतात. त्याला वरची अर्धी चौकट दिसते, तिला खालची. गोष्ट तिची स्वतःची होती, हे मला दुसऱ्या पानावर कळलं. तिला ठाऊक होतं की मला कळणार. तरी तिने एकशेचार पानांचा गठ्ठा माझ्याच पुढ्यात ठेवला. "तपासून दे आत्या. तुयासारखं कोणी तपासत नाही. तू बरोबर आहे म्हटलं की मग मी लोकाईले दाखवतो."

पुस्तकातलं ते सगळं सात वर्षांपूर्वीचं. जपानी तेव्हाही आमच्याकडेच होती, बारावी सायन्सला. दुसऱ्याची मुलगी सांभाळायची म्हणजे जबाबदारी, म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या आकड्याखाली मी तिची परत यायची वेळ लिहीत असे. साडेपाचनंतर आली की लाल पेन. जानेवारीत अकरा दिवस लाल झाले. सतरा तारखेला ती सात वाजून दहा मिनिटांनी आली, आणि एक मुलगा तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून गेला. ती म्हणाली, "प्रॅक्टिकल होतं." फ्रिजवर तिचं टाइमटेबल चिकटवलेलं होतं. त्यात त्या दिवशी प्रॅक्टिकल नव्हतं. मी बोट ठेवून तिला दाखवलं. ती म्हणाली, "बॅच बदलवली सरांनी." मी म्हटलं, "लिहिलेलं खोटं आणि तू खरी?"

मी दादाला फोन करून अकराही दिवस वाचून दाखवले. दादा रविवारी दोन पुतण्यांना घेऊन आला. ऑटो स्टँडवर त्यांनी त्या मुलाला मारलं, हिच्यादेखत. उजव्या हाताचं मनगट मोडलं. बारावीची परीक्षा त्याला देता आली नाही. हिलाही दादा त्याच दिवशी घेऊन गेला, तिचंही वर्ष गेलं.

एप्रिलमध्ये मी तिचं कपाट आवरलं. रसायनशास्त्राची जर्नल निघाली. त्यात सतरा तारखेचा प्रयोग, निरीक्षणांचा कागद, त्यावर सरांची सही. मी कॉलनीतल्या तिच्या वर्गातल्या मुलीला विचारलं. ती सहज म्हणाली, "हो न काकू, त्या दिवशी साडेसहापर्यंत थांबवलं होतं आम्हाले." बाकीचे दहा दिवस ती त्या मुलाबरोबर होती, ते खरं. पण ज्या दिवसावरून हात मोडला, त्या दिवशी ती परीक्षानळी धरून उभी होती आणि मुलगा अंधार झाला म्हणून तिची वाट बघत थांबला होता.

मी जर्नल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. आता सांगून मनगट सरळ होणार नाही, दादाला मात्र आयुष्यभर लागेल, असा विचार केला. तो विचार मला सोयीचा होता, हे मला तेव्हाही समजत होतं.

तर हा गठ्ठा माझ्यापुढे आला, आणि मी चुका काढायला लागले. दुसरं काय करणार होते? वही केली, पान आणि चौकट घालून नोंदी केल्या. कॉलेजच्या गेटला पान बारावर सात गज, पान एकोणीसवर नऊ. मुलीचं दप्तर पायऱ्या चढताना डाव्या खांद्यावर, वर पोचेपर्यंत उजव्या. ऑटोत बसलेली माणसं अकरा आणि पाय अठरा. श्रावणात शेतात कापूस फुटलेला. शेतकऱ्याच्या मुलीने असं काढावं, याचा मला खरोखर संताप आला.

"तो फुटलेला पाह्यजे तिथं," ती म्हणाली.

"श्रावणात फुटत नाही."

"त्यायच्या मनात फुटला न."

डोळ्यांवरून आमचं रोज वाजायचं. सगळ्यांना बशीएवढे डोळे. मी म्हटलं, "यवतमाळ जिल्ह्यात एवढे डोळे कोणाचे आहेत, दाखव मला." ती रबर घासता घासता म्हणाली, "जे तोंडानं सांगता येत नाही ते तिथं भरा लागते आत्या. जागा नको का?" आणि मी गजांचं पुन्हा काढलं की मान हलवून म्हणायची, "तुले सगळं दिसते. एक ती पोरगीच दिसत नाही."

पान सत्तरपासून त्यात एक बाई येते. कॅलेंडरसमोर उभी, हातात पेन. मी ती पानं तीनदा तपासली. कॅलेंडरची घरं बरोबर, पेनला बांधलेला दोरा बरोबर, पदर कमरेला खोचायची पद्धत बरोबर. एकही चूक नाही. फक्त तिच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन टिंबं.

"हिचे इतके बारीक का?"

"तिले मोजण्यापुरते लागतात," जपानी म्हणाली. वर बघितलंही नाही.

मी रागावले. दिवसभर बोलले नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही, तिने त्या वेळात चार पानं काढली.

पान एक्क्याण्णववर मात्र मी अडले. मुलगी आता तिच्या गावी आहे, खाटेवर बसली आहे, भिंतीकडे तोंड. वर लिहिलं आहे: कदाचित त्या दिवशी प्रॅक्टिकल नसेलच. कदाचित मीच खोटं बोलले असेन.

रविवारची सकाळ होती. नवरा बाजारात गेला होता. मी विचारलं, "हे असं का लिहिलंस? तुला आठवत नाही का?"

"पहिले आठवे." ती पट्टी लावून रेघ ओढत होती. "तू टाइमटेबल दाखवलं न. बाबा म्हणे खोटारडी, आई म्हणे खोटारडी. घरी बसून मी रोज आठवून पाहो, आन रोज थोडं थोडं कमी आठवे. आता कसम घ्याले लावली तर नाही घेता येत मले." रेघ संपेपर्यंत थांबून म्हणाली, "चूक आहे काय त्यात काही?"

मी म्हटलं, बघून सांगते.

दोन दिवस मी बघत राहिले. माझ्या वहीत सत्तेचाळीस चुका लिहिल्या होत्या. गज, पाय, दप्तर. तिच्या हाताचं एक बोट एका चौकटीत जास्त झालं होतं, तेही मी सोडलं नव्हतं. आणि ज्या चुकीचा पुरावा माझ्या घरात माझ्याच हाताने ठेवलेला, ती लिहायला पेन उचलेना. या मुलीने मला चौदा महिने छळलं, पण एवढं कधी छळलं नव्हतं. मंगळवारी ती कामावरून आल्यावर मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले. वहीत लिहिलं: पान एक्क्याण्णव, प्रॅक्टिकल झालं होतं. वही आणि जर्नल दोन्ही टेबलावर ठेवली.

तिने जर्नल शेवटाकडून उघडली आणि सतरा तारखेपर्यंत आली. स्वतःचं अक्षर वाचलं. सरांच्या सहीवर बोट फिरवलं.

"कवा सापडली?"

"त्याच वर्षी. एप्रिलमध्ये."

"म्हणजे मी घरी होती तवा."

"हो."

"आन परीक्षा?"

"होऊन गेली होती. पण तू घरी होतीस."

तिने जर्नल मिटली. मला वाटलं आरडाओरडा करेल. तेही बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी येडी होऊन राह्यली होती आत्या. तुले एक फोन कराचा होता फक्त." मग कागद गोळा केले, टेबल पुसलं, रबराचा कणही ठेवला नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

त्यानंतर ती नऊ दिवस आमच्याकडे होती. हवं तेवढंच बोलायची. नागपूरला एका कंपनीत चित्रांचं काम मिळालं होतं, ते तिने आधी नाकारलेलं, आता घेतलं. एसटी स्टँडवर मी आणि नवरा सोडायला गेलो. नवऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला तर तिने त्याला मिठीच मारली. माझ्याकडे वळून म्हणाली, "पान बदलवलं मी. पण बाबाले मी नाही सांगत. ते तुयं काम." गाडी लागली होती. बाकी सत्तेचाळीस चुकांबद्दल मी विचारणार होते, ते राहून गेलं.

पुढच्या शनिवारी मी गावी गेले. जर्नल ती घेऊन गेली होती, पण त्या पानाचा फोटो तिने मला न सांगता माझ्या फोनवर पाठवून ठेवला होता. दादा ओसरीत बसला होता. त्याने चष्मा शोधला, फोटो मोठा करून बघितला, तारीख मोठ्याने वाचली. मी सगळं सांगितलं, एप्रिलसकट. माझ्यावर रागावेल असं धरून मी उभीच होते.

दादाने चष्मा काढला. फोन माझ्या हातात परत दिला आणि थोड्या वेळाने विचारलं, "त्या पोराचं नाव काय होतं बाई?"

मला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं. मी त्या जानेवारीतले अकराही दिवस मिनिटांनिशी सांगू शकते, पण ज्याचा हात आम्ही मोडला त्याचं नाव आम्हा दोघा बहीणभावांनी सात वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं.

मी तिथूनच जपानीला फोन लावला. म्हटलं, "दादा त्याचं नाव विचारतो आहे."

  तिने विचारलं, "काहून पाह्यजे त्याले?"

"भेटायला जाईन म्हणतो." हे दादा म्हणाला नव्हता. मी म्हटलं. पण दादाने मान हलवली.

"बाबाजवळ दे," ती म्हणाली. "तू बाहेर जाय."

मी अंगणात जाऊन उभी राहिले. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. दादा मध्ये मध्ये फक्त "हो" म्हणत होता. नंतर तेही थांबलं आणि नुसतं ऐकणं चाललं. चौदा मिनिटं. दादा बाहेर आला, तोंड धुतलं, पायात चपला घातल्या आणि राळेगावची गाडी किती वाजता आहे ते मला विचारलं.

गाडीची वेळ मी सांगितली. नाव मला अजून कोणी सांगितलेलं नाही.