बुजवलेला चर

दादारावकाकांचं नाव आधी लिहून टाकतो, कारण मला शहाणं करण्याचं श्रेय त्यांचं आहे आणि पुढे वाचाल तो मूर्खपणा सर्वस्वी माझा. काका आमच्या गावी वनरक्षक होते. त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे. म्हणून शाळा सुटल्यावर ते मला ओसरीवर बसवून पंचनामे आणि जबाब माझ्याकडून स्वच्छ लिहून घ्यायचे. "पाहिलं थे लिही, वाटलं थे लिहू नको," एवढीच त्यांची शिकवण. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजच्या प्रवेशासाठी रजा टाकून नागपुरात माझ्यासोबत रांगेत उभे राहिले ते काकाच.

आता मी नागपूरच्या मिहान या उद्योगनगरीत नोकरी करतो आणि शहराबाहेरच्या वाडी या उपनगरात खोली घेऊन राहतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी म्हणून बसलो, "जंगल म्हणजे माझं घरच!" आमचे टीमप्रमुख निखिलसर यांनी नुकतीच चारही चाकं ओढणारी जीप घेतली होती.

"मग रविवारी दाखव तुझं घर," सर म्हणाले.

मी सीताबर्डीच्या बाजारातून लष्करी छापाची टोपी आणली. ती कानांवर येत होती.

मार्चमधल्या त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. वाडीच्या नाक्यावर तर्री-पोहे खाल्ले, वर भरपूर सांबार (कोथिंबीर). ट्रकांच्या रांगेतून वाट काढत अमरावती रस्ता सोडला. आधी संत्र्यांच्या बागा लागल्या, मग पानं गाळून उभे असलेले साग. मी प्रत्येक झाडाचं नाव सांगत होतो. दोन नावं चुकली, पण सरांना ती माहीत नव्हती, हे माझं नशीब.

मग वाट एका चरापाशी थांबली. गाड्या आत जाऊ नयेत म्हणून आडवा खोदलेला, मांडीइतका खोल. शेजारी पाटी होती : वाहनांना प्रवेश बंद.

"झालं. परत," सर हिरमुसून म्हणाले.

मी गप्प बसलो असतो तर हे प्रवासवर्णन इथेच संपलं असतं. पण मी म्हणालो, "सर, चाकांपुरते दगड टाकले की गाडी निघते." ही विद्या मला कुठून आली? सागवान चोरणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याच्या जबाबातून, जो मी लहानपणी सुवाच्य अक्षरात उतरवला होता. मी उतरलो, मोठाले नऊ दगड मोजून चरात टाकले, आणि जीप पार झाली. सरांनी माझी पाठ थोपटली.

पुढे जाळरेषा होती (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा). सर तिच्यावरून सुसाट निघाले, मी मोबाईलवर चित्रण करत ओरडत होतो. एका वळणावर गाडी पट्टा सोडून बांबूच्या कोवळ्या रोपांवरून गेली. मागे वळून पाहिलं तेव्हा मला ती आडवी झालेली दिसली, आणि माझं ओरडणं थांबलं. पुढच्या नाल्यात जीप ओल्या रेतीत रुतली. मी मागून ढकलू लागलो. चाकं गरगरली, सगळा चिखल माझ्या तोंडावर आला आणि टोपी नाल्यात गेली.

आवाज ऐकून एक बाई आल्या. कमलाबाई, वनमजूर.

"काय करून राहिले गा तुम्ही इथं? गाडी कोठून घुसवली?"

तासाभरात वनरक्षक मॅडमही आल्या. तरुण होत्या, घामाघूम. आम्हाला चालवत चरापाशी नेलं.

"आम्ही आलो तेव्हा हा बुजलेलाच होता," सर म्हणाले. "रस्ता चुकलो आम्ही."

मॅडम वळल्या. "काहून वं काकू? या बाजूचा पहारा तुमचा हाये ना?"

"नाही जी मॅडम, सकाळी पाह्यला मी, मोकळा होता थो. माह्या हातानं खंदला हाये, मले नाही समजत?"

"चर बुजला अन् तुम्ही खबर नाही दिली, असं झालं तर साहेब तुम्हाले कामावर ठेवतीन का?"

कमलाबाई चरात उतरून एक दगड उचलू लागल्या.

मॅडमनी आम्हाला कोरे कागद दिले. "आपापला जबाब आपापल्या अक्षरात लिहा."

सरांच्या चार ओळी लगेच झाल्या. मग हळूच म्हणाले, "रस्ता चुकलो, एवढंच लिही. पुढच्या महिन्यात तुला कायम करायचं आहे, विसरू नकोस."

मी शूर होतो असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी बराच वेळ नुसता समास आखत बसलो. तेवढ्यात कमलाबाईंनी पहिला दगड काठावर टाकला. धप्प आवाज आला. मी लिहू लागलो : पाटी वाचली होती, दगड नऊ, टाकणारा मी.

मॅडमनी वाचलं, पुन्हा मोठ्याने वाचलं. "असा जबाब पहिल्यांदा पाहून राहिली मी. तुम्ही आरोपी आहात का कचेरीतले बाबू?"

"लिहिलं त बरं केलं," खालून कमलाबाई म्हणाल्या. "आता उतर गा खाली. आठ राह्यले."

मी उतरलो. मॅडम मोजत होत्या. एकूण नऊच निघाले.

जीप जप्त झाली. आम्ही पायी डांबरी रस्त्याला लागलो आणि एसटी धरली. सर पुढच्या बाकावर बसले, मी मागच्या. वाडीपर्यंत मी त्यांची पाठ पाहत होतो. सकाळी याच माणसाने माझी पाठ थोपटली होती आणि मला ते बक्षीस वाटलं होतं. जंगल माझं घर आहे म्हणायचो. त्या घरात मी चोराच्या वाटेने शिरलो, आणि ती वाटही उसनी होती. खोलीवर येऊन तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी हे पत्र टाकलं :

ती. दादारावकाकांना शि. सा. नमस्कार.

सोबत एका जबाबाची नक्कल पाठवतो आहे. पूर्वी दुसऱ्यांचे लिहायचो, हा माझा स्वतःचा आहे. समास सोडला आहे. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे : आधी "आम्ही दगड टाकले" असं लिहिलं होतं, ते खोडून "मी" केलं. नोकरीचं काय होतं ते कळवीन. कमलाबाईंचं काम टिकलं आहे, मी मॅडमना फोन करून विचारलं. येत्या रविवारी बांबूची आडवी झालेली रोपं सावरायला बोलावलं आहे. बसने जाईन, चरापासून पुढे पायी. तुम्ही रागावणार हे माहीत आहे, तरी उत्तर लिहा. तुमचं अक्षर मला अजून लागतं.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो बरोबर व खरा आहे.

तुमचा,
विलास