चार काटे, चार थ्रेड आणि शीतलअण्णा

सॉफ्टवेअरवाल्याला किस्से शोधावे लागत नाहीत, एकेक बग निस्तरला की ते आपोआप साठत जातात. दोन हजार सालच्या आसपास शाहूपुरीत आम्ही तिघं होतो: मालक शीतलअण्णा, चिक्कू सुनील आणि मी. एका साखर कारखान्याच्या ऊस वजनकाट्यांसाठी कंट्रोलर बनवत होतो. हंगामाआधी चाचणी पास झाली तर ऑर्डर आमची, नाहीतर ऑफिसला कुलूप.

*

चार काटे, म्हणून प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी चार कामं, म्हणजे चार थ्रेड. प्रत्येक थ्रेडला कामापुरती मेमरी आधीच काढून द्यावी लागते, तिला स्टॅक म्हणतात. अण्णांनी प्रत्येकाला अर्धा एमबी दिला. बोर्डवर सगळी मिळून मेमरी दीडच एमबी, त्यातली थोडी प्रोग्रामनंच खाल्लेली! दोन काटे चालले, दोन उठलेच नाहीत.

"पावण्याच्या ताटात कमी वाढायचं न्हाय," अण्णा म्हणाले.

"पण दोन पावणं उपाशी गेलं की," सुनील म्हणाला.

*

मग सुनीलनं कात्री लावली. प्रत्येकाला दोन केबी. स्टॅक भरला तरी आमचं मशीन तक्रार करत नसे, गुपचूप शेजारच्या जागेत लिहीत सुटे. कारखान्यावर करून बघताना मुरगूडची एक रिकामी बैलगाडी काट्यावर आली आणि स्क्रीनवर आलं अठ्ठावीस टन.

गाडीवानानं एकदा स्क्रीन बघितली, एकदा बैलं बघितली. "सायेब, हीच पावती द्या. ऊस फुडच्या वर्षी आणतो."

*

शेवटी मी स्टॅक एका ठरावीक आकड्यानं भरून ठेवला. दिवसभर काटे चालवायचे आणि आकडे कुठवर पुसले गेले ते बघायचं.

"आमची बायको तेलाच्या बरणीला खूण करती, तसंच की," अण्णा म्हणाले. "पर कुणी खाल्लं ते कळतंय काय?"

"न्हाय. किती खाल्लं तेवढंच," मी म्हणालो.

प्रत्येकाला आठ केबी ठरले.

*

चाचणीच्या सकाळी एकही थ्रेड उठेना. आदल्या दिवशी सगळं नीट चालत होतं. सुनीलनं कोड उघडला, तर स्टॅकच्या बरोबर वर एक नवी ओळ. इंग्रजी चार अक्षरांत 'श्री'.

"अण्णा, हे काय?"

"शुभकाम हाय. वर श्री नको?"

"त्या चार अक्षरांनी मेमरीतला स्टॅक चार घरं सरकलाय. ह्या प्रोसेसरला स्टॅकची सुरुवात सोळाच्या पटीतल्या घरावरच लागती. काढू?"

"श्री पुसायचा? कुलूप लागलं तरी चालंल, मी पुसू देणार न्हाय."

कारखान्याचे इंजिनियर घड्याळ बघत उभे होते. मला रडू फुटायचंच बाकी होतं. सुनीलनं तीच चार अक्षरं आणखी तीनदा टाइप केली. चार चोक सोळा. चारही काटे चालू झाले.

"नेमकं काय केलं?" इंजिनियरांनी विचारलं.

"श्री चारदा लिहिला," अण्णा म्हणाले.

ऑर्डर मिळाली. आठवड्यानं मशीन बसवायला गेलो, तर ऊस गाळपाला टाकतात त्या गव्हाणीजवळ, ऊस उचलायच्या क्रेनवर कुणीतरी खडूनं ओळीनं चार श्री लिहिलेले. ती क्रेन आधी महिनाभर बंद होती म्हणे.

क्रेन चालू होती.