आजींचा दाखवण्याचा कार्यक्रम

झाशीच्या इस्पितळात म्हाताऱ्यांसाठी वेगळा विभाग नुकताच उघडला होता. मी बाबांना तिथे नेलं, पण ते शेजारच्या प्रत्येकाला सांगत होते, "हम तो बस बिटिया के साथ आए हैं."

आमच्या पुढे गरौठ्याहून बसने एकट्या आलेल्या एक आजी होत्या. नाव मी विचारलं नाही. पाच डॉक्टरांच्या गोळ्यांची पिशवी त्या तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

त्यांचा नंबर आला. दार उघडंच होतं. तरुण डॉक्टरांनी पिशवीला हातही लावला नाही. म्हणाले, "अम्माजी, कुर्सी से उठिए, दरवाज़े तक चलिए, फिर आकर बैठ जाइए." मग घरी स्वयंपाक कोण करतं, तेही विचारलं.

आजींनी पदर डोक्यावर सारखा केला, नजर खाली घातली आणि मोजकी पावलं टाकत चालून दाखवलं. बसताना लाजून म्हणाल्या, "ब्याव के पैलें ससुरजी ने भी ऐसई चलवाओ तो. अब बताओ, पसंद हैं कै नईं?"

"पसंद हैं," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले आणि मग पिशवी उघडून तिच्यातल्या निम्म्या गोळ्या त्यांनी बंद केल्या.

गुडघे एकाने तपासले असतील, डोळे दुसऱ्याने, साखर तिसऱ्याने. अख्ख्या आजी मात्र लग्नानंतर आज पहिल्यांदाच कुणीतरी पाहिल्या असाव्यात.

बाहेर येताना त्या बाबांपाशी थांबल्या. "जाओ भैया, लरका भलो है. दहेज नईं माँगत."

बाबा उठले आणि आत जाण्याआधी त्यांनी खिशातून कंगवा काढला.