राजाची शिंक आणि ताईचा आवाज

आमची ताई जन्मात कधी हळू आवाजात भांडली नाही. लहानपणी ती मला रागवायला लागली की शेजारची माणसं खिडकीत यायची आणि मलाच विचारायची, "आज काय केलंस गं?" त्या आवाजाचं पुढे तिनं सोनं केलं. विशीत ती ऑपेराच्या मंडळीत गायला लागली. ऑपेरा म्हणजे असं नाटक, ज्यात माणसं पाणी मागतात तेही गाऊन आणि मरतात तेही गाऊन. माइक नसतो. समोर खड्ड्यात अख्खा वाद्यवृंद वाजत असतो आणि त्याच्या डोक्यावरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा असतो. ताई न्यायची. वर शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या माणसाला उठवून यायची.

मी त्याच मंडळीत कपडेपट सांभाळते. शिवण, इस्त्री, आणि गाणाऱ्यांची फुगलेली डोकी टोप्यांत बसवणं. आम्ही दोघी बहिणी दोन खोल्यांत राहतो. तिनं लग्न गाण्याशी लावलं आणि मी शिवणयंत्राशी, असं आई चारचौघांत सांगायची. दोन्ही जावयांच्या नावानं ती सारखीच बोटं मोडायची.

गेल्या वर्षी ताईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर म्हणाले, "बोलायला काही अडचण नाही. गाताना वरचे सूर लागतील की नाही, ते आज सांगता येत नाही. नस दुखावली आहे. कधी वर्षभरात सुधारते, कधी नाही." घरी आल्यावर आठवड्याभरात आमचं दूध उतू जाण्यावरून भांडण झालं आणि ताई हळू आवाजात भांडली.

रोज सकाळी ती न्हाणीघरात जायची, नळ पूर्ण सोडायची आणि आवाज लावून बघायची. मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ. मला सगळं ऐकू यायचं. खालचे सूर यायचे, मधले यायचे, आणि वर चढायला लागली की एका जागी आवाज संपायचा. पुढे नुसती हवा. मग नळ बंद व्हायचा आणि ती बाहेर येऊन म्हणायची, "चहा टाकलास का?" मी म्हणायचे, "टाकला." दुसरं काय बोलणार?

मंडळीच्या प्रमुखांना आम्ही सगळे छडीवाले म्हणतो, कारण वाद्यवृंदासमोर छडी हलवतात ते हेच. माणूस चांगला आहे, तोच तर घोळ झाला. ते ताईला म्हणाले, "आजारातून उठलात, एकदम संध्याकाळच्या मोठ्या खेळांचा ताण नको. शाळेच्या मुलांसाठी आपण परीकथा करतोय, त्यात चेटकीण करा. ती जमली की पुढच्या हंगामात तुमच्या जुन्या भूमिका तुम्हाला परत." ताई हो म्हणाली. आवाज गेल्याचं काही ती बोलली नाही.

त्या खेळाची गोष्ट अशी. एका राजाची शिंक अडकली आहे. नाक हुळहुळतं, तोंड उघडतं, दरबार रुमाल काढून सज्ज होतो, आणि शिंक येत नाही. राजा चिडचिडा झालाय, राज्य थांबलंय. शिंक चोरलीय चेटकिणीनं आणि बाटलीत कोंडलीय. शेवटी चेटकीण खुशीत येऊन इतका उंच सूर लावते की तिचीच बाटली तडकते, शिंक सुटते आणि राजा असा शिंकतो की सिंहासन मोडतं. म्हणजे सगळ्या खेळाचा जीव त्या एका सुरात. आणि तोच सूर ताईकडे नव्हता.

आता कोणी म्हणेल, तालमीत कळलं कसं नाही? त्याचं कारण आमच्याकडचा रिवाज. तालमीत कुणी पूर्ण आवाज लावत नाही. गळा खेळासाठी राखायचा असतो. वरच्या जागा खालच्या पट्टीत गुणगुणायच्या आणि अगदी उंच सूर आला की नुसता हात वर करायचा. हात वर म्हणजे इथे सूर आहे, खेळाच्या दिवशी मिळेल. सगळेच असं करतात. ताईनंही हात वर केला. कोरसमधल्या नव्या पोरी जोशात किंचाळत होत्या, त्यांना छडीवाले म्हणाले, "यांच्याकडून शिका. जुनी माणसं गळा कसा राखतात बघा." ताईनं मान खाली घातली. मी कोपऱ्यात तिच्या झग्याला उंच कॉलर लावत होते, गळ्यावरची खूण झाकायला. सुई बोटात गेली.

घरी मी तिला फैलावर घेतलं. "सांगून टाक त्यांना. ते काय तुला खाणार आहेत?"

"सांगून काय करू? तुझ्याबरोबर बटणं लावू?"

"लाव. बटणं लावणाऱ्याला काय भूत लागतं?"

"तुझ्या कामाला नावं नाही ठेवत गं," ती म्हणाली. "पण मला दुसरं काही येतच नाही. आणि खेळाच्या दिवशी येईल आवाज. समोर माणसं असली की मला येतो. तुला माहीत आहे."

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ही मूठ भरल्या थिएटरात उघडावी लागणार होती, आणि घोडामैदान जवळ आलं होतं.

खेळाआधी आमची माणसं शाळांत जातात. मुलांनी कधी ऑपेरा पाहिलेला नसतो, तर त्यांची भीड चेपावी, थोडं गाणं शिकून यावं, म्हणजे खेळात बसल्या जागेवरून गाता येतं. एका शाळेत ताईबरोबर मीही गेले, झगा नि टोपी दाखवायला. वर्ग म्हणजे मासळीबाजार. खिडकीपाशी बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. दोन दात पडलेले. म्हणाली, "एवढं गाऊन कशाला सांगायचं? बोलायचं ना सरळ."

शिक्षिका ओशाळल्या. ताई मात्र टेबलावर टेकली आणि म्हणाली, "तुमच्या टीमनं गोल केला की तू काय करतेस? 'गोल झाला बरं का' असं म्हणतेस?"

सगळा वर्ग ओरडला, "नाहीऽऽ!"

"मग काय करता?"

त्यांनी जे करून दाखवलं त्यानं शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले.

"बघा," ताई म्हणाली, "बोलून मावत नाही, तेव्हा माणूस ओरडतो. ओरडूनही मावत नाही, तेव्हा गातो. ऑपेरा म्हणजे तेवढंच."

मी झगा हातात धरून उभी होते. हिच्या पोटात त्या वर्षी किती साठलं होतं, ते मला माहीत होतं. बोलून मावत नव्हतं आणि गायची सोय राहिली नव्हती. मग तिनं मुलांना राजाचं गाणं शिकवलं, शिंक येताना म्हणायचं, "आ... आ... आऽऽ..." आणि थांबायचं. मुलं खिदळत शिकली.

खेळाच्या सकाळी थिएटर मुलांनी गच्च भरलं. शाळांच्या बसगाड्या बाहेर रांगेत उभ्या. मी ताईचा झगा मागून बंद करत होते तेव्हा तिनं माझा हात धरला. मी म्हणाले, "होईल." मला स्वतःलाच ते खोटं वाटलं.

खेळ रंगला, खोटं कशाला बोलू. राजा झालेला आमचा जाडा गायक नाक धरून नाचला, मुलांनी "आ... आ..." करून छत डोक्यावर घेतलं. ताईची खालची गाणी छान झाली. तिचं पोक काढून चालणं, तिचं हसणं, मुलं खूश. आणि मग ती जागा आली. वाद्यवृंद चढत चढत गेला आणि थांबला. बाटली मधोमध टेबलावर. ती आपोआप फुटत नाही, विंगेतला मंचकामगार दोरी ओढतो तेव्हा फुटते, आणि दोरी ओढायची ती सूर ऐकल्यावर.

ताईनं तोंड उघडलं. हवा आली.

छडीवाल्यांची छडी वरच राहिली. त्यांना वाटलं श्वास चुकला. त्यांनी वाद्यांना पुन्हा खूण केली, वाद्यं पुन्हा चढली. ताईनं छाती भरून घेतली, हात पसरले, तोंड उघडलं. पुन्हा हवा. आणि मागच्या रांगेत एक पोरगं फिस्सकन हसलं.

मग सगळं थिएटर हसायला लागलं. राजाची शिंक अडकली आणि आता चेटकिणीचा सूरही अडकला! मुलांना वाटलं, हीच तर गंमत. त्यांनी आपण होऊन तिला साथ दिली, "आ... आ... आऽऽ..." ताईनं तिसऱ्यांदा प्रयत्न केला. तिच्या कपाळावरची शीर ताठ झाली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, रंग ओघळला. मुलं पोट धरधरून हसली. विंगेत मी पडदा मुठीत आवळून उभी होते. मला वाटत होतं, ओरडून सांगावं, मेल्यांनो, ती खरंच रडतेय! पण कोण ऐकणार? मंचकामगार दोरी धरून माझ्याकडे बघत होता, ओढू की नको. मी ओढ म्हणायच्या आत ताईनं पायातला बूट काढला आणि बाटलीवर हाणला. बाटली फुटली, झांजा वाजल्या, राजा शिंकला, सिंहासन मोडलं. मुलं बाकांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

रंगपटाच्या खोलीत आल्यावर ताई आरशासमोर बसली. मागोमाग छडीवाले डोळे पुसत आले, हसून हसून आलेलं पाणी. "बाई, काय केलंत! सुचलं कधी?"

तिनं एवढंच म्हणायला हवं होतं, आत्ता सुचलं. मूठ झाकलेली राहिली असती. पण ताई म्हणाली, "सुचलं नाही. सूर आलाच नाही. ऑपरेशनपासून येत नाही."

ते कपड्यांच्या पेटीवर बसले. मग ते म्हणाले, "संध्याकाळच्या खेळांचं मग..."

"कळलं मला."

"पण मुलांचा खेळ तुमचाच. सगळ्या शाळा, सगळा हंगाम. फक्त आज केलंत तसंच करायचं. गाणारी माणसं मिळतात, बाई. मुलांना असं हसवणारं माणूस मी कुठून आणू?"

त्यांना वाटलं, आपण हिला सावरतोय. त्यांच्या डोळ्यांत आता खरं पाणी होतं, आणि म्हणूनच माझा जास्त संताप झाला. दुष्ट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात.

"रोज सूर अडकायचा?" ताईनं विचारलं.

"रोज."

"आणि रडायचं?"

ते पेटीवरून उठले. ताई म्हणाली, "बरं." ते गेले.

मी तिला जवळ घ्यायला गेले, तर ती उठून उभी राहिली. झगा अजून अंगावरच होता. म्हणाली, "टाचण्या आण. कमरेत आणि बरगड्यांत आत घे. चेटकीण अशी ढगळ बरी नाही दिसत."

गाणाऱ्यांच्या कपड्यात बरगड्यांपाशी चार बोटं जागा जास्त ठेवतात. श्वास भरला की छाती फुगते, तिला जागा लागते. तिच्या प्रत्येक झग्यात ती जागा मीच ठेवत आले.

"ताई, डॉक्टर म्हणालेत ना, वर्षभरात सुधारेल म्हणून. थांब की थोडी."

"आत घे."

मी टाचण्या तोंडात धरल्या, म्हणजे मला बोलावं लागू नये. एका बाजूनं दोन बोटं आत घेतलं, दुसऱ्या बाजूनं दोन. ती आरशात बघत होती. तिनं श्वास घेतला, थोडाच, आणि कापड कुठपर्यंत ताणतं ते पाहिलं.

"अजून," ती म्हणाली.